नमुना उत्तर

ती हसली आणि माझं डोकं फिरलं. बाकीची चाळीस पोरं हसली त्याचं मला काही नाही, ती हसावीत म्हणूनच तर मी वाचत होते. पेपर परत द्यायच्या दिवशी आधी तीन गमतीची उत्तरं मोठ्यानं वाचायची, नाव कुणाचं घ्यायचं नाही, वर्ग पोटभर हसला की मग गठ्ठा सोडायचा, ही माझी एकोणीस वर्षांची रीत. आज तिसरं उत्तर एका मुलीचं होतं, जिला शाळेत जिन्यावरची म्हणतात. प्रश्न असा होता: 'पहिल्या परिच्छेदातून कथेचं कोणतं वातावरण उभं राहतं? परिच्छेदातल्या शब्दांच्या आधारे लिहा. गुण सहा.' आणि कथा कसली, तर एका शहराची. तिथं संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि त्यानंतर सकाळपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर घराच्या दारावरचा दिवा लाल होतो आणि सायकलवरून माणसं येऊन घेऊन जातात. अशा शहराबद्दल या बाईसाहेबांनी लिहिलं होतं, 'या शहरात खूप बरं वाटतं. भोंगा झाला की सगळे गप्प बसतात. कोणी कोणावर ओरडत नाही. भांडी आपटत नाहीत. लहान मुलांना लगेच झोप लागत असेल. मला तिथं राहायला आवडेल.' शेवटच्या वाक्याआधी मी जरा थांबले, भुवया वर केल्या. मला जमतं ते. वर्ग फुटला. आणि दुसऱ्या रांगेत खिडकीकडेला बसलेली ती, जिचं उत्तर होतं ती, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जोरात हसली. शेजारणीच्या पाठीवर थाप मारून हसली. ते हसू मी ओळखते. पाहुण्यांसमोर अण्णांनी माझी फजिती केली की मी असंच हसायचे. आपणच आधी सुरू करायचं, म्हणजे आपल्याला कुठं लागलं ते कुणाला कळत नाही.

पेपर वाटताना मी तिच्याकडे बघितलं नाही. पेपरवर लाल शाईत माझंच अक्षर होतं, 'शून्य. गोष्ट नीट वाचलेली नाही.' तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत आले, खुर्ची ओढली ती नको तितक्या जोरात ओढली गेली. गणिताच्या बाई डबा उघडत होत्या, मान वर न करता त्यांनी विचारलं की आज कुणाचा नंबर. माझा राग नाकावर असतो हे इथल्या शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, त्याची चेष्टा करायचाही सगळ्यांना परवाना आहे, आणि एरवी मीही त्यात हसते. आज नाही हसले. मी त्यांना म्हटलं की तुम्ही आपलं जेवा. त्या म्हणाल्या, अहो जेवतेच आहे, तुमच्याकडे बघून घास अडकायला नको म्हणून विचारलं. मग मी गुणांचा तक्ता काढला. जिन्यावरची: बत्तीस. लागतात पस्तीस. त्या सहांपैकी तीन जरी पदरात टाकले असते तरी निभावलं असतं. आता सोमवारी ती खालच्या वर्गात जाणार. खालचा वर्ग म्हणजे कमी गुणांच्या पोरांचा, तळमजल्यावरचा दिवाणखाना म्हणावा असा लांबडा हॉल, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत घालून त्याचे दोन वर्ग केलेत, इकडच्या बाईंचं तिकडं ऐकू येतं आणि तिकडच्या सरांचं इकडं, आणि मागच्या अंगाला पाण्याचा पंप, तो दिवसभर घरघरतो. तिथं शिकवणाऱ्यांचा घसा दोन महिन्यांत बसतो. तिथं गेलेलं पोर पुन्हा वर आलेलं मी एकोणीस वर्षांत दोनदा पाहिलंय. दोनदा. आणि ही पोरगी, जिला सगळ्या दुनियेत एक गोष्ट हवी होती की कुणीतरी जरा गप्प बसावं, तिला मी माझ्या हातानं तिथं ढकलली होती. तिची थट्टा करून, वर हशा मिळवून.

तिला जिन्यावरची म्हणतात, कारण मधल्या सुट्टीत ती गच्चीकडं जाणाऱ्या बंद जिन्याच्या वरच्या पायरीवर एकटी बसलेली असते. शिपायानं दहा वेळा उठवलंय तिला. गैरवर्तन नाही, काही नाही, नुसती बसते. आम्हाला वाटायचं घुमी आहे. आम्हाला म्हणजे मला. कारण वर्गशिक्षिका मी, नाव मी पाडलं. हे आता आठवलं आणि स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटली. एवढी मोठी शब्दांची बाई मी. पोरीला घरात बसायला जागा नसेल, हे सोडून बाकी सगळं माझ्या डोक्यात आलं.

ती कथा माझी आहे. पुस्तकात होता तो उतारा इतका मिळमिळीत होता की पोरं जांभया द्यायची. म्हणून बारा वर्षांपूर्वी एका रविवारी बसून मी ही लिहून काढली. 'सात वाजता भोंगा झाला. रस्त्यावरची माणसं बोलता बोलता थांबली. कुणाचं वाक्य अर्धं राहिलं, कुणाचं नाव अर्धं राहिलं. करड्या भिंतींमधून फक्त पावलांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.' वाईट नाही ती. तिच्यावरून मी तीन गोष्टी शिकवते, स्थळ, वातावरण आणि शब्द. आणि शिकवायची माझी पद्धत आहे. आधी मी खिडक्या लावून घेते. पंखे बंद, दिवे बंद. मग पोरांना सांगते, दोन मिनिटं कुणी श्वासाचासुद्धा आवाज करायचा नाही. सुरुवातीला खसखस पिकते, कुणीतरी मुद्दाम खोकतं, मग हळूहळू वर्ग खरोखर गप्प होतो, आणि त्या गप्पपणात मी खालच्या आवाजात पहिलं वाक्य म्हणते. पोरांच्या अंगावर काटा येतो, मी पाहिलाय. मग फळ्यावर आठ शब्द: सुन्न, दडपण, करडा, निर्मनुष्य, भेदरलेला, कोंडी, हुंदका, निपचित. प्रत्येकाचं वाक्य करायचं. 'आमचे काका जेवल्यावर निपचित पडतात' असली वाक्यंही येतात, ती मी गमतीच्या उत्तरांसाठी राखून ठेवते. वरची माणसं तास बघायला आली, त्यांनी पाठ थोपटली, संस्थेच्या अकरा शाळांमध्ये माझी कथा, माझी पद्धत आणि माझं नमुना उत्तर छापून गेलं. 'या परिच्छेदातून भीतीचं व दडपणाचं वातावरण निर्माण होतं.' असं सुरू होतं ते. अकरा शाळांतली पोरं हे वाक्य पाठ करतात. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आज सकाळपर्यंत होता.

या वेळी तो तास झाला तेव्हा ती दोन मिनिटं चालू असताना मी बाकांमधून फिरत होते. पोरं एकमेकांकडे बघत होती, डोळे मोठे करत होती. ही मात्र बाकावर हात घडी करून त्यावर डोकं ठेवून बसली होती. डोळे मिटलेले. चेहरा असा सैल सुटलेला की मला वाटलं पेंगते आहे. माझ्या तासाला, माझ्या त्या दोन मिनिटांत पेंगते! मी डस्टर तिच्या कानाशी बाकावर आपटला. काय दचकली ती. ताडकन उठून उभीच राहिली. तेव्हाही वर्ग हसला होता, आणि मी म्हणाले होते की बघा, याला म्हणतात भेदरलेला, लिहून घ्या. म्हणाले होते मी हे. शब्द शिकवण्याची इतकी आयती संधी कोण सोडेल? पोरांनी लिहूनही घेतलं. तिनंही घेतलं असणार, तिची वही मी तपासलीय, एकही शब्द सुटलेला नाही तिचा. 'गोष्ट नीट वाचलेली नाही' म्हणे. त्या अख्ख्या वर्गात गोष्ट वाचली असेल तर तिनं एकटीनं वाचली होती. भांडी आपटत नाहीत, असं माझ्या गोष्टीत कुठंही लिहिलेलं नाही. ते तिला ऐकू आलं, म्हणजे ऐकू यायचं थांबलेलं कळलं. आणि ती तान्ही मुलं, ती माझ्या गोष्टीत आहेत, आया त्यांना आवाज न करता नुसत्या हातानं थोपटतात असं मी घातलंय, अंगावर यावं म्हणून. तिनं ते वाचून म्हटलं, बरं आहे, झोप लागत असेल.

आणि मला गप्प घराची भीती का वाटावी? हा प्रश्न बारा वर्षांत मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. वर वर बघितलं तर मला उलट वाटायला हवं होतं. आमच्या घरी आवाजाला काही तोटा नव्हता. अण्णा मोजणीखात्यात होते, दिवसभर जमीन मोजायची साखळी धरून उन्हात हिंडायचे, घरी आले की त्यांना सगळं वाकडं दिसायचं, चपला वाकड्या, चादर वाकडी, माझी वेणी वाकडी. ओरडायचे तेव्हा शेजारचे रेडिओचा आवाज वाढवायचे. पण ओरडणं हे काही भीतीचं नव्हतं, ओरडणं सुरू झालं म्हणजे सुटलो असं वाटायचं. भीती असायची ती त्याच्या आधी. अण्णा वर्तमानपत्राची घडी घालायचे. चष्मा काढायचे. चष्म्याचं घर उघडायचे, त्यात चष्मा ठेवायचे, घर बंद करायचे, खट्. आणि मग काहीच नाही. आई ओट्यापाशी हात तसाच धरून उभी, मी वहीवर पेन्सिल तशीच टेकवून, आणि ते कुठंतरी भिंतीकडे बघत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एकदा तर जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी एक शब्द नाही. ती वीस मिनिटं मी त्या रविवारी कागदावर उतरवली होती आणि मला वाटलं होतं मी एक शहर लिहिलं. शहर कसलं, आमच्या दोन खोल्या होत्या त्या. घर माझं, भीती माझी, त्याचं मी नमुना उत्तर केलं आणि अकरा शाळांतल्या पोरांना सांगितलं की सगळ्यांना हेच वाटतं, नाही वाटलं तर शून्य. याच्यावर मला इतका संताप आला की समोरचा चहा निवून गेला तरी मी कप नुसता धरून बसले होते. गणिताच्या बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

मधल्या सुट्टीत तिची आई आली. खालच्या वर्गाच्या पत्रावर पालकांची सही लागते. बाई धावतपळत आलेली दिसत होती, कुठल्यातरी शिवणकामाच्या कारखान्यातून, कारण खांद्यावर दोऱ्याचे तुकडे तसेच होते आणि बोटाला चिकटपट्टी. तिनं पत्र वाचलंही नाही, कुठं करायची तेवढं विचारलं. मी म्हटलं थांबा, बसा. ती बसली नाही. म्हणाली, अर्ध्या तासाची सुट्टी काढलीय, बाई. मी विचारलं की घरी अभ्यासाला बसते का ही. आई आधी हो म्हणाली, पालक म्हणतातच. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं काय ओळखलं कुणास ठाऊक, सांगायला लागली. दोन खोल्या आहेत, एकीत ही माणसं, एकीत दीर आणि त्याचं बिऱ्हाड, आणि दोघा भावांचं वर्षभर वाजलंय खोल्यांवरून. रोजचं आहे. मधल्या दारावर कधी हे लाथा घालतात कधी ते. कोर्टात गेलं तरी घरातलं काही थांबत नाही. धाकटा मुलगा आहे दोन वर्षांचा, तो दचकून दचकून उठतो, त्याला ही घेऊन बसते बाहेर जिन्यात. तिथंच पुस्तक घेऊन बसते. "आमच्याकडं जरा आवाज असतो, बाई," ती म्हणाली आणि अपराध्यासारखी हसली. जरा! मला त्या दोन भावांना बखोटीला धरून हॉलमागच्या पंपाशेजारी बांधून ठेवावंसं वाटलं. मग तिनं हळूच विचारलं की खालच्या वर्गात गेल्यावर पोरगी पुन्हा वर येते ना. मी पत्र तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, सही करू नका, चार वाजेपर्यंत थांबा, मी बघते. ती घाबरली. म्हणाली काही चुकलं का आमचं. मी म्हटलं तुमचं नाही, आणि ते असं काही तोडून म्हटलं की ती अजूनच घाबरून गेली.

हेडसरांच्या खोलीत गेले ती दार न वाजवताच. हेडसर भला माणूस आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी त्याला शिव्या घालू नयेत. मी म्हटलं, सर, माझं नमुना उत्तर चुकलंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं, सांगताना टेबलावर दोनदा हात आपटला असेन, कारण त्यांनी हळूच त्यांचं पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की द्या लिहून. नमुना उत्तर चूक आहे असं तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो. वर समिती बसेल, पुढच्या महिन्यात बसते ती. अकरा शाळांचे पेपर पुन्हा तपासावे लागतील, त्याला हो म्हणतील की नाही मला माहीत नाही. म्हणतीलही. पण वर्ग सोमवारी बदलतात, बाई. पोरगी सोमवारी खाली जाईल आणि निकाल लागेपर्यंत तिथंच राहील. मी म्हटलं, मग तुम्ही थांबवा वर्ग बदलायचे. ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर तो पंप मी आधी थांबवला असता. मग खण उघडून त्यांनी एक छापील फॉर्म काढला. परीक्षेच्या दिवशी मूल आजारी असेल तर एक प्रश्न पुन्हा लिहू देता येतो, वर्गशिक्षिकेच्या समोर, निकाल लागल्यापासून दोन दिवसांत. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं असं आईनं लिहून द्यायचं. उत्तर तपासायचं त्याच नमुन्याप्रमाणे, कारण गठ्ठा पुढं दुसऱ्या शाळेत पडताळणीला जातो, तिथं कुणी आपलं मन वाचत बसत नाही.

मी म्हटलं, म्हणजे तिनं खरं लिहिलंय ते खोडून खोटं लिहायचं, आणि त्यासाठी आधी आईनं खोटं लिहायचं. ते म्हणाले हो. मी म्हटलं की मी हे करणार नाही. मी त्या पोरीला वर्गासमोर जाऊन सांगणार की तिचं उत्तर बरोबर होतं आणि माझं चूक. त्यावर हेडसरांनी चष्मा काढला. घडी घालून टेबलावर ठेवला. मी चष्म्याच्या घराचं खट् ऐकायची वाट बघत राहिले, इतक्या वर्षांनी, एका साध्या माणसानं साधा चष्मा काढला तर. आणि ते म्हणाले, "बाई, तुम्हाला बरोबर ठरायचंय, की पोरीला वर ठेवायचंय? दोन्ही होणार नाही. तेवढं एक ठरवून सांगा मला." माणूस चुकीचं बोलला असता तर मी त्याला उभा सोलला असता. तो बरोबर बोलत होता, याचाच मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. मी फॉर्म उचलला.

आई फाटकापाशी थांबलेली होती, कारखान्याची वेळ टळून गेली तरी. तिनं डोकेदुखीचं लिहून दिलं, मी सांगितलं तसं, एकेक शब्द विचारत. 'असह्य' कसं लिहायचं विचारलं. मी सांगितलं. शेवटच्या तासाला मी जिन्यावरचीला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. तिथं या वेळेला कुणी नसतं, एक मोठं टेबल, चार खुर्च्या, कुलपातली कपाटं. ती आली ती भिंतीला लागून लागून आली. समोर बसवलं, कोरा कागद दिला, प्रश्न दिला. पहिला परिच्छेद पुढं ठेवला. मला बोलायचं होतं. सकाळपासून दहा वेळा मनात जुळवलं होतं की मी तिला काय सांगणार: की तुझं उत्तर मी वाचलं ते चुकून वाचलं, म्हणजे वाचायला नको होतं, म्हणजे तसं वाचायला नको होतं. प्रत्यक्षात मी एवढंच म्हटलं की हा प्रश्न पुन्हा लिही, सहा गुणांचा आहे. तिनं विचारलं किती ओळी. मी म्हटलं दहा. तिनं मान हलवली आणि पेन उघडलं.

आणि मग मी तिच्यासमोर बसून राहिले आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणाला सांगणार नाही, पण इथं सांगते. मला वाटत होतं तिनं पुन्हा तेच लिहावं. 'मला तिथं राहायला आवडेल.' तिनं माझ्या तोंडावर ते पुन्हा लिहावं, मोठ्या अक्षरात, मग माझं काय व्हायचं ते होवो. आणि त्याच वेळी मला भीती वाटत होती की तिनं खरंच तसं लिहिलं तर मी काय करीन. तसं लिहिलं तर सोमवारी ती खाली. मी कागदाकडे बघत नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. तो कुठंही थांबला नाही. मी शिकवलेलं तिला इतकं आलं होतं की विचार करायला लागत नव्हता. एकदा तिनं मान वर करून मला विचारलं की 'कोंडी' दोनदा वापरला तर चालेल का. मी म्हटलं एकदाच वापर. पलीकडच्या वर्गात पाढे चालले होते, त्याचा आवाज बंद दारातून येत होता, आणि मला तो असह्य झाला. तिच्या आईनं लिहिलं तसाच, असह्य.

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. 'या परिच्छेदातून भीतीचं व दडपणाचं वातावरण निर्माण होतं. भोंगा झाल्यावर रस्ता निर्मनुष्य होतो. भिंती करड्या आहेत, त्यामुळे मन सुन्न होतं. लोकांच्या मनाची कोंडी होते. भेदरलेल्या आया मुलांना न बोलता थोपटतात. कुणाला हुंदकासुद्धा देता येत नाही. संपूर्ण शहर निपचित पडल्यासारखं वाटतं. असं शहर कुणालाही आवडणार नाही.' आठच्या आठ शब्द. आठ वाक्यं, एकही चूक नाही. शेवटचं वाक्य तर माझ्या नमुन्यात नाही, ते तिनं आपल्या मनानं घातलं होतं. कुणालाही आवडणार नाही. अकरा शाळांत इतकं चांगलं उत्तर कुणी लिहिलं नसेल. ती माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "आता बरोबर आहे ना, बाई?"

हो म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं माझं. मी लाल पेन घेतलं, सहापैकी सहा लिहिले, खाली सही केली. बत्तीस अधिक सहा, अडतीस. पोरगी वर राहिली. मग नियमाप्रमाणे जुनं उत्तर रद्द करायचं होतं, तिच्या हातानं, म्हणून मी तिचा मूळ पेपर पुढं ठेवला. माझा लाल शेरा तिथंच होता. तिनं माझी पट्टी मागून घेतली आणि एकेका ओळीवरून सरळ रेघ मारली. या शहरात खूप बरं वाटतं, रेघ. कोणी कोणावर ओरडत नाही, रेघ. लहान मुलांपाशी आली तेव्हा पट्टी जरा घसरली, तिनं पुन्हा नीट लावली आणि मारली. मी तिला थांबवलं नाही. कसं थांबवणार? मला राग आला होता, अण्णांवर, त्या दोन भावांवर, समितीवर, खालच्या हॉलवर, आणि सगळ्यांत जास्त या नीटनेटक्या रेघांवर, ज्या मारायला मीच शिकवल्या होत्या, खाडाखोड दिसू नये म्हणून. तिनं पेनाचं टोपण लावलं. पेपर माझ्याकडे वळवून ठेवला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण तिला ते वाचता आलं असणार, तिला अशा गोष्टी वाचता येतात. तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

"नाही," मी म्हटलं. मला ते हळूच म्हणायचं होतं, शपथेवर सांगते, मला ते आजवर कुणाला म्हटलं नसेल इतक्या हळू म्हणायचं होतं. पण दिवसभर आत कोंबलेलं सगळं त्या एका शब्दाबरोबर बाहेर आलं. कपाटांच्या काचा वाजल्या. पलीकडच्या वर्गातले पाढे बंद पडले. "तुझ्यावर नाही! तुझ्यावर नाही रागावले मी!" मी आणखी एकदा म्हटलं, आणखी एकदा, आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यापेक्षा मोठं निघालं. ती दचकली नाही. सवयीनं करावं तसं तिनं सगळं केलं. डोळे माझ्यावरून काढून टेबलाच्या कडेवर ठेवले, खांदे आवळले, दोन्ही हात टेबलाखाली घेतले, आणि माझं ओरडून संपण्याची वाट बघत बसली. मी केव्हाच थांबले होते.